पाण्यात माणूस नव्हता

दिघ्यांचा गणपती तीनदा बुडवला आणि तिन्ही वेळा वर आला. पुढच्या वर्षी लवकर या, असं आपण म्हणतो खरं, पण इतक्या लवकर कुणाचीच अपेक्षा नसते. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा दिघे साहेबांच्या सासूबाईंनी हात जोडले. तिसऱ्यांदा त्या रडायलाच लागल्या. काहीतरी चुकलंय, देव जायला तयार नाही, असं म्हणू लागल्या. मग सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, कारण गणपतीला वर आणणारं यंत्र माझ्या ताब्यात होतं.

मी कुंदा राऊत. थळेखारच्या किनाऱ्यावर मी नऊ वर्षं जीवरक्षक होते. डोक्यावर लाल टोपी, गळ्यात शिट्टी, आणि डोळे दिवसभर पाण्यावर. मग समुद्राने चाळीस पावलं वाळू खाल्ली, किनारा पोहायला बंद झाला, गणपतीच्या दिवसांत तर तिथे पायही ठेवू देईनात. बंगलेवाल्यांनी समोर एवढा फुकटचा समुद्र असताना आपापल्या आवारात स्विमिंग पूल खणले. आमच्या गावात त्याला टाकं म्हणतात. दोन वर्षांत टाक्यांमध्ये पाच जण बुडाले, तेव्हा कुठे कायदा झाला. प्रत्येक खाजगी टाक्यात वाचवणारं यंत्र हवं, आणि दर शुक्रवारी परवानाधारक माणसाने ते तपासून सही करायला हवी. सही नाही, तर टाक्यावरचं झाकण उघडत नाही. मी तीन महिन्यांचा कोर्स केला. अकरा टाकी माझ्याकडे आली आणि शिट्टी घरात खिळ्याला गेली.

यंत्राचं नाव तारक. टाक्याच्या चारी भिंतींत बटणाएवढे चोवीस कान बसवलेले असतात. ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. हाडावरून तो वेगळा येतो, मांसावरून वेगळा, आणि हवेवरून सगळ्यात जोरात. माणसाच्या छातीत कायम हवा असते. कितीही श्वास सोडला तरी थोडी उरतेच. तेव्हा माणसासारखा आकार, आत थोडी हवा, आणि एक तर वेडीवाकडी धडपड किंवा वीस सेकंद काहीच हालचाल नाही, असं कळलं की टाक्याचा तळच वर येतो. तळ म्हणजे जाळीचा एक मोठा पाट, त्याच्या खाली जॅक. अकरा सेकंदांत बुडणारा माणूस उन्हात.

दिघ्यांची शाडूची मूर्ती आतून पोकळ होती. खालून पाणी शिरलं तरी पोटात हवा अडकली. मांडी घातलेला आकार, आत हवा, हालचाल शून्य. चार हात आणि सोंड होती हे खरं, पण तेवढ्यावरून तारकने बुडणाऱ्याला नाकारलं नाही, हा त्याचा चांगुलपणाच म्हणायचा.

"कुंदाताई, त्याला सांगा ना, हा माणूस नाही म्हणून," दिघे साहेब म्हणाले.

सांगायची सोय होती. भिंतीवरच्या पॅनलला दोन बटणं असतात, 'माणूस' आणि 'माणूस नाही'. कोर्समध्ये आम्हाला बजावलं होतं की दुसरं बटण जपून दाबा, कारण यंत्र त्यावरून शिकतं. एका टाक्याने दिवसा शिकलेलं पहाटे किनाऱ्यावरच्या सगळ्या टाक्यांना कळतं.

"साहेब, त्यापेक्षा मोठ्या बादलीत विसर्जन करू," मी म्हटलं.

बादली हा शब्द ऐकून सासूबाईंनी असा हुंदका दिला, की आरतीचं ताट धरलेली त्यांची नातही रडायला लागली. मी बटण दाबलं. बोट माझंच होतं. हे आधीच सांगून टाकते, नंतर शोधत बसू नका.

चौथ्यांदा गणपती शांतपणे तळाशी बसला आणि विरघळत राहिला. सासूबाईंनी मला दोन मोदक जास्त दिले.

त्या आठवड्यात साऱ्या किनाऱ्यावर मिळून सदतीस गणपती टाक्यांत गेले आणि माझ्यासारख्याच भल्या माणसांनी सदतीस वेळा 'माणूस नाही' दाबलं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला. 'सणासुदीची खास भेट! तारक आता मूर्ती ओळखतो. विसर्जन विनाअडथळा!' खाली दोन फुलं आणि एक उंदीर काढला होता.

मलाही ते आवडलं होतं. खोटं कशाला सांगू?

माझी धाकटी बहीण मंजुळा याच दिघ्यांच्या बंगल्याची देखभाल करते. मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आठ वर्षांची मैथिली राहतात. नवरा बोटीवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. दिघे माणूस वाईट नाही. बंगल्यात पाहुणे नसतील तेव्हा मैथिलीने टाक्यात पोहायला त्यांची हरकत नव्हती. पोहायला मीच तिला शिकवलं होतं.

दिवाळीला दोन आठवडे असताना एका शुक्रवारी दुपारी मी तपासणीला गेले. हातपाय पसरलेला रबरी बाहुला पाण्यात टाकला, तळ वर आला. सगळं ठीक. मग नोंदी उघडल्या आणि हात थांबला. रविवारच्या दिवशी एकाखाली एक ओळी होत्या. मूर्ती, एकतीस सेकंद. मूर्ती, अठ्ठेचाळीस सेकंद. मूर्ती, बावन्न सेकंद.

"मंजे, रविवारी इथं कुणी विसर्जन केलं?"

"आता कसलं विसर्जन? देवी पन गेली," मंजुळा आतून ओरडली. "तुजं मशीन येडावलंय."

मी परत नोंदी बघेपर्यंत शाळा सुटली. मैथिली दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि दप्तरं फेकून तिघी टाक्याकडे पळाल्या. मी पॅनलसमोरच होते, पाठमोरी. मागून टाळ्या सुरू झाल्या आणि पोरींचा आवाज आला, "गणपती बाप्पा, मोरया!"

वळून बघते तर मैथिली पायरीवर उभी राहून भराभर श्वास घेत होती आणि सोडत होती, भाता मारावा तसा. मग तिने सगळा श्वास सोडून दिला, मांडी घातली, उजवा हात आशीर्वादाला वर केला आणि तशीच तळाशी जाऊन बसली. मैत्रिणी मोठ्याने आकडे मोजत होत्या. पंधरा झाले. वीस झाले. तळ जागचा हलला नाही.

मी कपड्यांनिशी उडी मारली आणि तिला दंडाला धरून वर काढलं.

"पंचवीसच झाले होते!" मैथिली चिडून म्हणाली. "मावशी, माझा गणपती मोडलास तू."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

ज्यांना पाणी माहीत नाही त्यांना वाटतं, माणूस बुडताना हातपाय मारतो, ओरडतो. पण श्वास घ्यावासा वाटतो तो हवा संपली म्हणून नव्हे. रक्तात वापरलेली हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड साठला, की मेंदू घंटा वाजवतो. आधी भराभर श्वास घेऊन सोडला की तो वायू निघून जातो आणि घंटा वाजायला उशीर होतो. त्याआधीच प्राणवायू संपतो. मग पोर धडपडत नाही, ओरडत नाही. जिथे बसलीय तिथेच झोपी जाते. किनाऱ्यावर माझ्या पाळीत असा एक मुलगा मी बाहेर काढला होता. त्याचा चेहरा अगदी शांत होता.

धपाट्याचा आवाज ऐकून मंजुळा बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं. तिला काही ते पटेना.

"मशीन हाय ना? परवा मांजर परलं तर तल वर आला."

"मांजर हलत होतं. तुझी पोर हलत नाही. मांडी घालून बसली आणि हलली नाही, की तो तिला देव समजतो."

"ताय, तूच बोललंस ना, ह्याला झोप नाय, ह्याचा डोला लागत नाय, म्हनून? तुज्या बोलन्यावर मी आत जाऊन भात टाकतंय, लादी पुसतंय. आता तूच बोलतंस याचं काय खरं नाय. मंग मी करू काय? पोरीला खुट्याला बांधू?"

चूक माझी असली की मी जोरात बोलते. तीही बोलली. मी तिच्या पोरीला मारलं, हे तिने दोनदा काढलं. शेवटी तिने दार लावून घेतलं.

मी 'माणूस' हे बटण दाबून पाहिलं. सदतीस वेळा एक शिकवलेलं आणि एकदा दुसरं. पॅनलवर 'मताबद्दल आभार' असं आलं. मग मदत केंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं सनई ऐकवून झाल्यावर एक मुलगा बोलायला लागला. त्याचा आवाज इतका गोड होता की मला तेव्हाच धास्ती वाटली.

"मॅडम, आपण सांगता त्या वेळी, म्हणजे चार वाजून बारा मिनिटांनी, पाण्यात माणूस नव्हता."

"होता. माझी भाची होती."

"नोंदीत मूर्ती आहे, मॅडम."

"तीच माझी भाची!"

"मग आपण त्याच वेळी 'माणूस' हे बटण का दाबलं नाही?"

"कारण मी तिला काढायला पाण्यात उडी मारली."

"बरोबर, तशी नोंद आहे. चार तेराला आपण पाण्यात होता. मूर्ती बाहेर काढताना."

मी कपाळाला हात लावला. तक्रार तरी लिहून घे, म्हटलं, तर तो म्हणाला की तक्रारीला इजा झालेल्या माणसाचा तपशील लागतो.

"इजा झालेली नाही. होऊ नये म्हणून तर फोन केलाय."

"मग तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, मॅडम?"

पुढच्या दहा दिवसांत मी सात वेळा फोन केला. सात जणांनी मला तेच सांगितलं. दर वेळी सनई पहिल्यापासून. मधल्या शुक्रवारी मी पुन्हा अकरा सह्या केल्या, कारण नियमात बाहुल्याची चाचणी आहे आणि बाहुला पास झाला. सही करताना स्वतःचीच लाज वाटली. मंजुळाने मैथिलीला तो खेळ खेळायचा नाही असं बजावलं होतं, पण खेळ तोवर शाळेत पसरला होता. बाजारात एका पोराने मला विचारलं, "कुंदामावशी, तुमचा गणपती किती सेकंद?" दिवाळीला अकराही बंगल्यांत पाहुणे येणार होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची पोरं. पोरांना खेळ शिकायला किती वेळ लागतो?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दिघे साहेब बंगल्याची तयारी बघायला आले. मी त्यांना टाक्यापाशी नेलं. मंजुळालाही बोलावलं. ती आली, पण माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. मैथिली पायरीवर येऊन बसली.

"कुंदाताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," दिघे म्हणाले. "एवढी मोठी कंपनी आहे. कायद्याने मान्य केलेलं यंत्र आहे."

"साहेब, मी एक मिनिट खाली बसते. वीस सेकंदांनी तळ वर आला तर मी खोटी. उद्या आनंदाने सही करीन. तुम्ही फक्त बघा. बघायचं तेवढं काम करा."

मी साडीचा पदर खोचला, श्वास सोडला, मांडी घातली आणि तळाशी जाऊन बसले. उजवा हात वर केला. सेहेचाळीसाव्या वर्षी हे ध्यान कसं दिसत असेल, असं मनात येऊन गेलं.

मी मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस. खरं सांगते, माझी मनापासून इच्छा होती की तळ वर यावा. मी खोटी ठरावी, दिघ्यांनी हसावं, मंजुळाने चार शब्द ऐकवावेत. तळ आला नाही. तीस. चाळीस. भिंतीतले चोवीस कान माझ्याकडे लागलेले होते आणि त्यांच्या लेखी मी मातीची होते.

साठला मी वर यायचं ठरलं होतं. साठला मी मान वर करून पाहिलं. पाण्यातून दिघे साहेबांचा पांढरा शर्ट दिसत होता. ते टाक्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते.

माझं डोकंच फिरलं. वळ ना, म्हटलं. एवढं बघायला सांगितलं होतं. आता तू वळेपर्यंत मी उठत नाही. हा शहाणपणा नव्हता. नऊ वर्षं लोकांना पाण्याशी हट्ट करू नका असं ओरडून सांगणारी मी, टाक्याच्या तळाशी हट्ट करून बसले. सत्तर. पंचाहत्तर. कानात दडे बसले. ऐंशी. छातीतली तगमग हळूहळू कमी व्हायला लागली. ती कमी होणं हेच वाईट लक्षण, हे मला माहीत होतं. तरी उठावंसं वाटेना. बरंच वाटत होतं.

मग पाणी फुटलं. कुणीतरी माझ्या शेजारी दाणकन पडलं. लुगड्याचा फुगा झाला, त्यातून दोन पाय सुटले आणि एक लाथ माझ्या खांद्याला बसली. मंजुळा. जन्म किनाऱ्यावर गेला, पण तिला हातभर पोहता येत नाही. ती हातपाय झाडत होती, नाकातोंडातून बुडबुडे सोडत होती आणि एका हाताने माझे केस धरून ओढत होती.

तारकने तिला लगेच ओळखलं. धडपड, हाडं, मांस, छातीत हवा. खाली जॅक घरघरले आणि तळ वर यायला लागला. अकरा सेकंदांत आम्ही दोघी उन्हात होतो. मंजुळा पालथी पडून खोकत होती आणि मी तिच्या शेजारी मांडी घालून बसलेली, हात अजून वरच.

आवाजाने दिघे साहेब वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बघा!" ते म्हणाले. "चालतंय की!"

मला बोलायला श्वास नव्हता. मी नुसतं पॅनलकडे बोट दाखवलं. दिघे तिथे गेले, त्यांनी चष्मा वर करून वाचलं. ओळ पाचच शब्दांची होती, पण त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. व्यक्ती एक, सुखरूप. मूर्ती एक.

मंजुळा उठून बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली.

"मेली असतंस तर? मना पोहाया येत नाय, तुना म्हाईत हाय ना? मेली असतंस तर, ताय?"

मी मार खाल्ला. तो माझाच होता. पायरीवरून मैथिली उठून जवळ आली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, कौतुक होतं. मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते त्याने.

"मावशी, तू जिंकलीस," ती म्हणाली. "सत्त्याऐंशी. माझे बावन्नच झाले होते."

मंजुळाचे हात थांबले. ती पोरीकडे बघतच राहिली.

शुक्रवारी मी अकरा टाक्यांवर फिरले आणि एकावरही सही केली नाही. अकरा झाकणं बंद. दिवाळीला आलेले पाहुणे झाकणांवर पणत्या लावून फोटो काढत बसले. संध्याकाळपर्यंत मला नऊ बंगलेवाल्यांचे फोन आले. त्यातल्या तिघांनी मला परवाना कुणी दिला, असं विचारलं. दिघ्यांचा फोन आला नाही. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, असं मला मागाहून कळलं.

आणि कंपनीचा फोन आला. स्वतःहून, पहिल्यांदा, आणि सनई न वाजवता.

"मॅडम, सही न करण्याचं कारण काय लिहू?"

"लिहा, पाण्यात माणूस होता."

"पण नोंदीत तर..."

"नोंदीत काय आहे ते मला पाठ आहे. तुम्ही मी सांगते ते लिहा."

बारा दिवसांनी त्यांनी सगळ्या टाक्यांमधून 'मूर्ती' पुसून टाकली. चूक झाली, असं कुठेही म्हटलं नाही. 'तारक आता अधिक अचूक' असा निरोप आला, या वेळी फुलं नव्हती. ऐन दिवाळीत अकरा टाकी विनाकारण बंद ठेवल्याबद्दल माझा परवाना चौकशीत अडकला आहे. विनाकारण हा शब्द त्यांचा. आता दर शुक्रवारी तालुक्याहून एक बाई येते, बाहुला टाकते, सही करते आणि जाते. पुढच्या गणपतीत ती काय करणार, हे मी तिला विचारलं. तिने खांदे उडवले.

परवाच्या रविवारी मंजुळाकडे जेवायला गेले. मैथिली पाण्यात होती. मंजुळा टाक्याच्या काठावर स्टूल टाकून बसली होती, मांडीवर सूप, सुपात निवडायला घेतलेले घरचे तांदूळ, गळ्यात माझी जुनी शिट्टी. मी शेजारी बसले.

"यंत्र नीट झालंय, मंजे. मी स्वतः खाली बसून बघितलं. एकविसाव्या सेकंदाला वर आणलं मला."

"झालं असंल," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बोटं सुपात फिरत होती, नजर पाण्यावर होती. मैथिलीने बुडी मारली की बोटं थांबायची, डोकं वर आलं की पुन्हा फिरायला लागायची.

जेवताना माझ्या दाताखाली खडा आला. थोड्या वेळाने मैथिलीच्याही आला. दोन्ही खडे ताटांच्या कडेला ठेवून आम्ही जेवत राहिलो.